अक्सोरियस माणसाची चौकशी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दोड्डप्पा व सौ. दोड्डव्वा यांस,
सिद्धेश्वरीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आमच्या टॉवेलच्या शेडमधले, माग दुरुस्त करणारे जॉबर शिवशरण यांच्या डब्याच्या पिशवीतून येतंय. ते तुमच्या वळसंगहूनच रोज मोटारसायकलवर एमआयडीसीला येतात, त्यामुळे पोस्टमनपेक्षा त्यांचा भरवसा जास्त. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे इकडं येता येत नाही, आणि लग्न ठरलेली मुलगी म्हणून अव्वा मला कंपनी सोडून कुठंच जाऊ देत नाही. मग राहिलं काय, तर पत्र. पेरूच्या झाडावर चढायचं हे वय नव्हे असं मी लिहिणार होते, पण ते दोड्डव्वा रोज ऐकवत असणारच.

बघण्याच्या कार्यक्रमाला तुम्ही नव्हता म्हणून सांगते. मुलगा शरणबसव, चंद्रव्वांचा एकुलता एक. आधी पुण्यात एका मशिनरीच्या कारखान्यात होता, दोन वर्षांपासून इथं अक्कलकोट रोडलाच सूत रंगवायच्या एका डाइंग युनिटमध्ये आहे. बोलतो कमी. बाकीच्या मुलांनी मला नोकरी सोडणार का, स्वयंपाक येतो का, असं विचारलं होतं. यानं विचारलं की दुपारचा डबा गार होत असेल, मग तुम्ही काय करता? मी म्हटलं, गारच खाते. तर तो इतका गंभीर झाला की मलाच हसू आलं. दोड्डप्पा, तिशी उलटल्यावर मुलगी हुरळत नाही म्हणतात, पण मला तो आवडला. हे अव्वाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते.

आता मुद्दा. आपल्या घरात नियम तुमचाच आहे. शेजारी खोटं सांगतो, पाहुणा गोड सांगतो, खरं सांगतो तो जुना साहेब. म्हणून अप्पांनी गुरुराजला पुण्याला पाठवलं. तिथले निवृत्त मॅनेजर, एक वयस्कर पारशी गृहस्थ, त्याला चहा पाजून म्हणाले की मुलगा निर्व्यसनी आहे, वेळेचा पक्का आहे, आणि जरासा अक्सोरियस आहे. माझ्या भावाला इंग्रजी कळत नसलं तरी लाज वाटत नाही, हा त्याचा गुण. त्यानं साहेबांकडून एकेक अक्षर विचारून घेतलं. फोननं अर्थ सांगितला, बायकोवर अति जीव असणारा.

घरात नुसता हशा. गुरुराज म्हणतो, अक्का, तुला आयताच बायकोचा बैल मिळाला. अव्वानं देवापुढं साखर ठेवली. अप्पा मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेत, की साहेबानं ही स्तुती केली की खोड काढली? माझ्या थोरल्या भावाला, तुझ्या दोड्डप्पाला विचार म्हणाले, त्यानं जन्मभर इंग्रजी शिकवलंय, फोनला अर्थ कळतो पण बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

तेव्हा सांगा. हा शब्द इंग्रज लोक कसा वापरतात, कुणाला वापरतात, हसून वापरतात की नाक मुरडून? तेवीस तारखेला बस्ता आहे, दोन्हीकडची माणसं साड्या काढायला चाटी गल्लीत जमणार. मला का कोण जाणे, दोन दिवस एका जागी बसवत नाही.

पायाला जपा. तुमच्या अक्षराची वाट बघते आहे.

आपली,
सिद्धेश्वरी


॥ श्री ॥

वळसंग,
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कां. सिद्धेश्वरीस,
गुरुसिद्धप्पाचे अनेक आशीर्वाद. शरणु.

सौ. कां. आधीच लावून टाकलं. म्हातारा माणूस घाईत असतो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझी दोड्डव्वा विचारते, पोरीचं पत्र हाय का परीक्षेचा पेपर, एवढं चष्म्याला चिकटून काय वाचताय? मी तिला शब्द सांगितला. ती म्हणाली, असला नवरा इंग्लंडातच होत असंल, हितं न्हाय दिसला कुटं. सगळं आयुष्य या बाईबरोबर काढलं आणि पदरात हे पडलं.

तर शब्द. मी इतकी वर्षं शिकवलं, पण वर्गात हा शब्द काढला नाही. पोरांनी घरी जाऊन बापाला चिकटवला असता. लॅटिनमध्ये बायकोला जे म्हणतात त्यापासून तो आला. अर्थ फोननं बरोबर सांगितला, पण सगळी मेख त्या ‘अति’मध्ये आहे. अति म्हणजे किती, हे बोलणारा ठरवतो. त्यामुळं हा शब्द त्या नवऱ्याबद्दल जेवढं सांगतो तेवढंच बोलणाऱ्याबद्दलही सांगतो. आजारी बायकोला पाणी देणाऱ्यालाही एखादा साहेब अक्सोरियस म्हणेल, कारण पाणी द्यायच्या वेळी तो कामावर नव्हता.

शिवी नव्हे, चिमटा आहे. मित्र काढतात, वरिष्ठ काढतात, सासवा तर काढतातच. बायको कधी म्हणणार नाही की माझा नवरा अक्सोरियस आहे. तिला ते पुरेसंच वाटत नसतं. आपल्याकडं बाइलवेडा म्हणतात, कन्नडात हेंडतीगुलाम म्हणतात, पण ते धोतरावर चिखल उडवल्यासारखं. इंग्रजी शब्द सुटाबुटातला, त्यात थोडं कौतुकही असतं. आणि नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बाईला असा चिमटा काढायला मला इंग्रजीत शब्द सापडला नाही. तिला पतिव्रता म्हणून मोकळे होतात. हे ऐकून तुझी दोड्डव्वा पातेलं जरा जोरात ठेवून गेली.

एवढ्यावर पत्र संपवणार होतो. पण पुढचं लिहू की नको म्हणून सकाळपासून कुबडी घेऊन ओसरीत फेऱ्या मारतोय, आणि लिहिल्याशिवाय बसवणार नाही.

सिद्धू, हा शब्द होणाऱ्या नवऱ्याला लावत नाहीत. आपल्याकडं ब्रह्मचारी पोरालाही आपण म्हणतो की हा बायकोचा बैल होणार बघा. भविष्य सांगायची आपल्याला हौसच आहे. इंग्रज तसं म्हणत नाही. मूल नसलेल्या बाईला आपण लेकुरवाळी म्हणू का? तसंच आहे हे. माणूस अक्सोरियस दिसायला त्याच्या शेजारी बायको दिसावी लागते. जुन्या पारशी माणसाचं इंग्रजी कच्चं नसतं. तो दोन वर्षांपूर्वी या मुलाला ओळखत होता, आणि त्यानं पाहिलं तेच सांगितलं असणार.

माझी चूक होऊ दे. चुकलो तर तुझ्या लग्नात मी सगळ्यांसमोर कान धरीन. पण गुरुराजला नीट विचार, साहेब अजून काय म्हणाले. अप्पाला इतक्यात सांगू नको. माझा भाऊ आधी भडकतो, मग विचारतो.

जपून राहा, आणि उत्तर उद्याच दे.

तुझा,
दोड्डप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
७ नोव्हेंबर २०२५

ती. दोड्डप्पांस,
सिद्धेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुमची चूक झालेली नाही. कान धरू नका.

गुरुराजला गच्चीवर नेऊन विचारलं. तर म्हणाला, साहेब सांगत होते की हा दुपारच्या सुट्टीत स्कूटरवरून घरी पळायचा, रात्रपाळी घ्यायचा नाही, जर्मनीला ट्रेनिंगला पाठवत होते तेही नाही म्हणाला. गुरुराजला वाटलं, मुलगा आईवेडा असेल. त्याची आई तर तेव्हाही सोलापुरातच होती, मग पुण्यात दुपारी घरी कोण वाट बघत होतं, हे विचारायचं या शहाण्याला सुचलं नाही. मी त्याला खूप बोलले. तो बिचारा रडकुंडीला आला. खरं तर माझा राग त्याच्यावर नव्हताच.

काल कंपनीत मी निळ्या टॉवेलांच्या ऑर्डरवर हिरव्याचा नंबर घातला. दुपारी शरणबसवला फोन करून त्यांच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर बोलावलं. तो येताना माझ्यासाठी गरम पोहे बांधून घेऊन आला. ते हातात घेऊन मी विचारलं की पुण्यात तुमची बायको होती का?

तो हो म्हणाला. लगेच. जणू कुणी विचारायचीच वाट बघत होता.

तिचं नाव उत्कर्षा. मोडनिंबच्या हिंदुरावांची मुलगी, मराठ्यांची. कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर होती. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. चंद्रव्वा गेल्याही नाहीत आणि तिला कधी घरातही घेतलं नाही. लग्नाला वर्ष होतंय तोवर तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस, पथ्य, दवाखाना, सगळं यानं केलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि चंद्रव्वा पुण्याला जाऊन याला इकडं घेऊन आल्या.

मी विचारलं, हे आम्हाला का सांगितलं नाही? तो म्हणाला, आई म्हणाली होती मी सांगते, तू तोंड उघडू नको. मी म्हटलं, मग आईनं सांगितलं का, हे तुम्ही तिला पुन्हा विचारलंत का? तो चहाच्या ग्लासवरचा थेंब पुसत बसला. म्हणजे सांगितलेलं नाही हे त्याला कळत होतं, दोड्डप्पा. बघण्याच्या दिवशी आमच्या समोर त्याची आई म्हणाली, पोरगं बिनलग्नाचं हाय, एकदम शांत, आणि हा शेजारी बसून चिवड्यातले शेंगदाणे निवडत होता.

तेव्हा माझ्या तोंडून गेलं की उद्या मी मेले तर मलाही असंच पुसून टाकणार का? चहावाला बघत होता. मी पोहे तिथंच ठेवून आले, आणि शेडमध्ये येऊन शिवशरणांच्या पाण्याच्या ड्रममागं उभी राहून रडले.

बिजवर आहे म्हणून मला राग नाही. जिच्यावर इतका जीव होता की साहेबाला तो अति वाटला, तिचं नावही हा माणूस दोन वर्षांत गिळून बसला, याचा राग आहे. मग तो जीव कसला होता? मला काहीच कळेनासं झालंय. फिरते आहे नुसती, या खोलीतून त्या खोलीत. अव्वा विचारते, काय हरवलंय? काय सांगू तिला?

तुम्ही आणि दोड्डव्वा सांगाल ते ऐकेन. लवकर लिहा.

तुमची,
सिद्धेश्वरी


॥ श्री ॥

वळसंग,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

सौ. कां. मुद्दाम खोडून ठेवलं आहे. ते परत लावायचं की नाही हे तू ठरव. आम्ही कुणी ठरवणार नाही.

अप्पाला वेगळी चिठ्ठी शिवशरणबरोबरच दिली आहे. तो चिडेल, लग्न मोडलं म्हणून ओरडेल, दोन दिवस जेवणार नाही. त्याला चिडू दे. तुझ्यावर चिडायचं नाही, एवढं मी त्याला बजावून लिहिलं आहे.

मलाही राग आला. काल तो इतका आला की प्लास्टरचा पाय आपटला आणि तुझ्या दोड्डव्वाकडून बोलणी खाल्ली. दुसरेपणावर मुलगी देणं ही काही लाजेची गोष्ट नाही, आपल्या घरात दिल्या आहेत आणि सुखात नांदल्या आहेत. पण बिजवराला बिनलग्नाचा म्हणून दाखवणं ही फसवणूक. चंद्रव्वाला मी ओळखतो. ती खोटं बोलली असं तिला वाटतही नसेल. लग्न लावायला जंगम नाही, अक्षता नाहीत, तर तिच्या लेखी लग्नच नाही. अशी माणसं शपथेवर खोटं बोलतात आणि शांत झोपतात.

मुलाचं मात्र मला कोडं पडलं आहे. आजारपण निभावणारा माणूस आईपुढं इतका मऊ कसा? का आजारपण निभावूनच तो रिकामा झाला? मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नसताना सल्ला देऊ नये. तो साहेबाचा शब्द तू आता बाजूला ठेव. ते त्याचं माप. तुझं माप तू काढ.

आता तुझी दोड्डव्वा सांगते ते तिच्या शब्दांत लिहितो, नाहीतर ती मला जेवायला देणार नाही.

मल्लव्वा म्हणते: आगं पोरी, रडून काय व्हतंय? आपल्यात दुसरेपणावर पोरगी देताना बस्त्यात पयलं लुगडं पयलीच्या नावाचं काढत्यात. नवऱ्याच्या हातानं. त्याला कुंकू लावत्यात, मग नवरीचं बघत्यात. ते लुगडं तिच्या माहेरी जातंय. माज्या थोरल्या भनीच्या वक्ताला आमच्या बानं आसंच केलं. चंद्रव्वानं ते चुकवायला म्हनूनच तोंड शिवलं आसंल, कारन लुगडं काढलं की सून मान्य केली. तू बस्त्यात जा. भांडू नगं. तेवढं माग. आन त्याचा हात जातोय का न्हाय ते बघ. हात न्हाय गेला तर उठून ये, मी हाय हितं.

यावर माझं काही म्हणणं नाही. इतक्या वर्षांत तिच्याशी सहमत व्हायचं मी जेव्हा जेव्हा टाळलं तेव्हा तेव्हा पस्तावलो आहे.

जेवत जा. अंगावर राग धरून उपाशी राहू नको.

तुझा,
दोड्डप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दोड्डप्पा व सौ. दोड्डव्वा यांस,
सिद्धेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच सगळं झालं. अप्पा ओरडले, जेवले नाहीत, मग अव्वानं ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगांची चटणी समोर ठेवल्यावर जेवले. अव्वाचं एकच, वय वाढतंय पोरीचं, आणि मग त्याच तोंडानं, असल्या घरात देऊ नये पोरगी. दोन्ही खरं वाटतं तिला. मलाही.

अप्पांनी चंद्रव्वांना बोलावून घेतलं. त्या आल्या, पाणी प्यायल्या, आणि अगदी सरळ म्हणाल्या की ते लगीन आमी धरलंच न्हाय, मंग सांगायचं काय? जंगम न्हवता, मामा न्हवता, कागदावर सही केली म्हंजी लगीन व्हय? अप्पांना काय बोलावं ते सुचेना. मी आतून बाहेर येऊन विचारलं, की मग ती मेली तेव्हा तुमच्या मुलानं कुणाचं सुतक धरलं? त्या पदर सावरून उठल्या. जाताना त्यांना चप्पल सापडेना, गुरुराजनं दिली.

अजून एक केलं, रागावू नका. परवा सुट्टी टाकून गुरुराजला घेऊन मोडनिंबला गेले. हायवेच्या कडेला घर आहे त्यांचं, पुढं डाळिंबाची बाग. हिंदुराव बाजाराला गेले होते. रंभाबाई, म्हणजे उत्कर्षाच्या आई, मी कोण हे ऐकून दारातच थांबल्या. वाटलं हाकलतील. मग आत घेतलं, सुपारी दिली.

त्यांनी सांगितलं, जावई लेकीचं डोकं धुवायचा, येणी घालायला शिकला, तिचं पथ्य म्हणून स्वतःपण बिगरमिठाचं खायचा. हिंदुराव त्याला रागवायचे, आरं बाप्याच्या जातीनं इतकं बायकोच्या मागं ऱ्हाऊ न्हाय. पण तेराव्यानंतर तो एकदाही आला नाही. एकदाही. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, लेक गेली ते देवानं केलं, जावई गेला ते त्यानं केलं. मग मला म्हणाल्या की बाई, तू लगीन कर न्हायतर नगं करू, पर हे त्याला सांग.

येताना बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि डोकं भणभणत होतं. जे ऐकायला गेले होते ते ऐकलं, आणि जे ऐकायचं नव्हतं तेही. आता तो मला आवडतो की नाही, हेही सांगता येत नाही. फोन तो रोज करतो. मी उचलत नाही. बस्त्याचा दिवस मात्र मी मोडू दिला नाही. अप्पांना म्हटलं, जाऊ, साड्या काढू नाहीतर परत येऊ, पण जाऊ.

दोड्डव्वाचं म्हणणं लक्षात आहे. तिला सांगा, भांडणार नाही. निदान सुरुवात मी करणार नाही.

आपली,
सिद्धेश्वरी


॥ श्री ॥

वळसंग,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

मोडनिंबला गेलीस ते चांगलं केलंस. मी सांगितलं असतं तर गेली नसतीस, म्हणून बरं झालं मला सुचलं नाही.

प्लास्टर शुक्रवारी निघतंय, पण डॉक्टर म्हणतात प्रवास नको. बस्त्याच्या दिवशी मी इथं बसून काय करणार ते माझं मला ठाऊक. तुझी दोड्डव्वा आत्तापासूनच म्हणते, सारखं दारात जाऊ नगा, शिवशरण काय उडत येनार हाय व्हय? स्वतः मात्र दोनदा वाटेवर बघून आली.

मान वर ठेव. तू काही मागायला जात नाहीस. जे आधीच द्यायला हवं होतं ते त्यांना देऊ देते आहेस. हो झालं तर आनंद, नाही झालं तर तुझी खोली इथं झाडून ठेवली आहे.

तुझा,
दोड्डप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. दोड्डप्पा व सौ. दोड्डव्वा यांस,
सिद्धेश्वरीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

शिवशरण गेटवर थांबलेत, म्हणून लवकर लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या.

काल दुकानात पांढऱ्या गाद्यांवर इकडं आपली माणसं, तिकडं त्यांची, मधे साड्यांचे गठ्ठे. सगळे उगाच हसत होते. दुकानदारानं हळदीकुंकवाची वाटी पुढं केली आणि विचारलं, नवरीची कुठली दाखवू? मी म्हटलं, आधी एक साडी उत्कर्षाच्या नावाची काढायची आहे. ती यांनी काढायची.

दोड्डव्वा, मला वाटलं त्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला. चंद्रव्वांच्या एका जावेनं कोण उत्कर्षा म्हणून विचारलं. चंद्रव्वा म्हणाल्या, कोन न्हाय, तुमी साड्या बघा. अप्पा उठायच्या बेतात होते, मी त्यांचा सदरा धरला. शरणबसव खाली बघत होता. मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते. मी चपला कुठं काढल्यात ते आठवायला लागले, म्हणजे उठून जाता येईल.

मग तो म्हणाला की आई, उत्कर्षा माझी बायको होती. एवढंच. जोरात नाही. उठून गादीवर गुडघे टेकून बसला आणि साड्या बघायला लागला. दुकानदारानं जरीकाठाची हिरवी टाकली. तो म्हणाला, हिरवी नको, ती हिरवी नेसत नाही. दुसरी टाकली. तो म्हणाला, काठ जड आहे, हात सुजलेला असतो तिचा, टोचतो. तिसऱ्या गठ्ठ्यातून त्यानं स्वतःच एक ओढून काढली. फिकट जांभळी, मऊ, बारीक काठाची. कुणाला विचारलं नाही. पदर उलगडून आतल्या बाजूनं हात फिरवून बघितला, कुंकू लावलं, आणि मग त्या साडीवर डोकं टेकवून तो सगळ्यांसमोर रडला. दोन वर्षं रडलाच नव्हता म्हणे.

चंद्रव्वा उठून बाहेर गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. त्या दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसल्या होत्या. अव्वा त्यांच्या मागं गेली, काय बोलली ते मला सांगत नाही. बऱ्याच वेळानं त्या आत आल्या, कुणाकडं न बघता दुकानदाराला म्हणाल्या की बिगर खनाचं लुगडं देत्यात व्हय कुटं, खन दाखीव. आणि त्यांनी खण निवडला. घासाघीसही केली.

साडी घेऊन शरणबसव येत्या रविवारी मोडनिंबला जाणार. रंभाबाईंचा निरोप मी त्याला सांगितला. तो म्हणाला, त्या दारातून परत पाठवतील. मी म्हटलं, पाठवू देत, तरी जा. एकटं जायला भीती वाटते म्हणाला, तर मी बरोबर जाणार आहे. घरात सांगितलंय, अव्वानंही अडवलं नाही.

आणि आता जे फक्त तुम्हालाच सांगते. नंतर माझी साडी काढायची होती. मी दोन समोर धरल्या आणि त्याला विचारलं, कुठली घेऊ? तो म्हणाला, तुम्हाला आवडेल ती. चांगल्या मनानंच म्हणाला. पण तिच्यासाठी त्यानं शंभर साड्यांतून एक ओढली होती, आणि माझ्यासाठी त्याला दोनांतली एक सांगता येईना. दोड्डप्पा, मला तिचा हेवा वाटला. मेलेल्या बाईचा. तिचं नाव मीच सगळ्यांसमोर घ्यायला लावलं, आणि त्याच गादीवर बसून मला तिचा हेवा वाटला.

मी केशरी घेतली. अप्पांनी घरी आल्यावर विचारलं, काय ठरवलंस? मी म्हटलं, तारीख तीच ठेवा. मला हा माणूस हवा आहे, पूर्ण नाही मिळाला तरी. तो हेवा काही जाणार नाही असं वाटतं. तो घेऊनच त्या घरात जाईन.

माझ्या नावाआधी खोडलेलं सौ. कां. परत लिहा, आणि पायावर भार द्यायला लागला असाल तर लग्नाला स्वतःच्या पायांनी या. दोड्डव्वाला माझ्याकडून घट्ट धरा.

तुमची,
सिद्धेश्वरी